कैवल्यधामची प्रयोगशाळा आणि चैतन्याचा प्रश्न

मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी बोरघाट चढून लोणावळ्यास दम घेते. तेथून पुढचे स्टेशन मळवली. मळवलीस उतरणारा प्रवासी बहुधा दक्षिणेस भाज्याच्या लेण्यांकडे वळतो, नाही तर इंद्रायणी ओलांडून उत्तरेस कार्ल्याच्या डोंगराची वाट धरतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाची भव्यता पाहून मन थक्क होते यात शंका नाही; परंतु आम्हांस विचार करावयास लाविले ते भाज्याच्या विहारांतील कोठड्यांनी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कातळ कोरून केलेल्या त्या कोठड्या इतक्या लहान आहेत की, एका माणसाने निजावे किंवा बसावे एवढीच त्यांत सोय. निजावयास दगडाचाच ओटा. मावळातील पाऊस ज्यांनी अनुभविला आहे त्यांस चातुर्मासात त्या ओट्यावर बसणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. तेथे बसणाराने काय पाहिले, हे त्याने लिहून ठेविले नाही. दानशूर सावकारांची नावे लेण्यांच्या भिंतींवर आहेत; ध्यान करणाराच्या मनात काय घडले याची नोंद मात्र कोठेच नाही.

या कोठड्यांपासून लोणावळ्याच्या बाजूस सकाळच्या फेरीत चालून जाता येईल इतक्या अंतरावर, १९२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एका गृहस्थाने आश्रम काढला, आणि त्या आश्रमात देवघराबरोबर प्रयोगशाळाही थाटली. आसनस्थ मनुष्याच्या शरीरात काय घडते ते यंत्राने मोजावे व छापून प्रसिद्ध करावे, असा त्याचा संकल्प होता. हे गृहस्थ म्हणजे स्वामी कुवलयानंद आणि तो आश्रम म्हणजे कैवल्यधाम. त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे त्यांचे इंग्रजी त्रैमासिकही सुरू झाले.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे निमित्त प्रथम सांगितले पाहिजे. काही महिन्यांमागे एका सुशिक्षित मंडळीच्या सभेत आम्ही एक व्याख्यान ऐकिले. वक्ते पदवीधर होते व वाणी ओघवती होती. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा : पुंजयांत्रिकीने, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘क्वांटम’ म्हणतात त्या शास्त्राने, आता असे सिद्ध केले आहे की कणाकडे पाहिल्याने कण बदलतो, सबब जग मनाने निर्माण होते, सबब ध्यानाने रोग बरे होतात, आणि हे सर्व आपल्या ऋषींस पूर्वीच ठाऊक होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणारांत आम्हीही होतो, हे कबूल केलेले बरे. घरी परतताना मात्र असे वाटू लागले की, या तीन ‘सबबीं’पैकी एकीचाही जोड आम्हांस नीट सांगता येणार नाही. तेव्हा आठवण झाली ती कैवल्यधामच्या स्वामींची. विज्ञान आणि चैतन्य यांची गाठ घालून देण्याचा उद्योग आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच भाषेच्या माणसाने केला, आणि तो या व्याख्यानाहून अगदी निराळ्या रीतीने केला.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजराथेतील डभोई येथे. घरची गरिबी, आईबापांचे छत्रही लवकर हरपलेले. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. बडोद्याच्या कॉलेजात त्या वेळी अरविंद घोष अध्यापक होते. देशभक्तीचे वारे तेथेच लागले. १९०७ पासून सुमारे तीन वर्षे जुम्मादादा व्यायामशाळेत प्रो. माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी शरीर कमाविले. पुढे अमळनेरास खानदेश शिक्षण मंडळाच्या संस्थेत राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले. १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांची भेट झाली आणि योगाची दीक्षा मिळाली. येथवरचे चरित्र त्या काळच्या अनेक ध्येयवादी तरुणांच्या चरित्रासारखेच आहे : संस्कृत, व्यायाम, स्वराज्य, गुरू. दीक्षा मिळाल्यावर पुढची पायरी हिमालय, अथवा निदान एखादे मठाधिपत्य. गुण्यांनी पायरी घेतली ती बडोद्याच्या इस्पितळातील क्ष-किरण यंत्राच्या खोलीची.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय या पायरीचे धैर्य कळावयाचे नाही. योगी म्हटला की साहेबाच्या डोळ्यांपुढे खिळ्यांच्या फळीवर निजलेला बैरागी येई. आमच्यांतील इंग्रजी शिकलेले लोक त्या चित्राने ओशाळत, आणि न शिकलेले लोक योग्यास आकाशगमनापासून परकायाप्रवेशापर्यंत सर्व काही साध्य असते असे मानीत. एका पक्षाच्या लेखी योग थोतांड होता, दुसऱ्याच्या लेखी चमत्कार. यंत्रासमोर योग नेणे म्हणजे दोन्ही पक्षांचा रोष पत्करणे. शिवाय पारतंत्र्यात असलेल्या राष्ट्राच्या अभिमानाची ती ठेव. यंत्राने ‘नाही’ म्हटले तर ती परक्यांच्या हशात बुडावयाची. असे असूनही, संस्कृताच्या या विद्यार्थ्याने यंत्रास प्रश्न घातला, आणि प्रश्नही असा निवडला की त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच यावे.

तो प्रश्न उड्डियान व नौली या क्रियांचा होता. श्वास पूर्ण बाहेर टाकावयाचा, मग घसा मिटून श्वास आत घेतल्याचा केवळ आविर्भाव करावयाचा. फासळ्या फुलतात, पण हवा आत येत नाही, म्हणून छाती व पोट यांमधील श्वासपटल वर ओढले जाते आणि पोट खपाटीस जाऊन पाठीस लागते. हा उड्डियानबंध. त्याच स्थितीत पोटाचे दोन उभे स्नायू आखडून दोरखंडासारखे पुढे काढले म्हणजे नौली. हठयोग्यांत बस्ती नावाची आणखी एक क्रिया आहे. तीत साधक पाण्यात बसतो आणि कोणत्याही पिचकारीवाचून पाणी गुदद्वारातील नळीवाटे मोठ्या आतड्यात चढते. पाणी आपण होऊन वर कसे चढते? साधक म्हणत, अपानवायू खेचतो. काही वैद्यकवेत्ते म्हणत, आतड्याची नेहमीची लाट उलट दिशेने चालत असावी.

गुण्यांनी प्रथम क्ष-किरण लाविले. बेरियमचे मिश्रण पोटात गेले म्हणजे क्ष-किरणांच्या चित्रात आतडे स्पष्ट उमटते. उड्डियान व नौली करीत असता मोठ्या आतड्याची जागा कशी सरकते व आतील ऐवजाचे काय होते, हे अशा चित्रांवरून त्यांनी पाहिले. उलट्या लाटेची कल्पना या निरीक्षणांपुढे टिकेना. मग त्यांनी नळी आतड्यात घालून तिचे दुसरे टोक दाबमापकास जोडले. नौली होताच आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली उतरला. नौली सोडताच पूर्ववत झाला. म्हणजे पाणी खेचणारा अपानही नव्हे आणि उलटी लाटही नव्हे : आत अंशतः निर्वात पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास आत लोटतो. विहिरीवरच्या पंपात जो नियम चालतो तोच येथे. या पोकळीस त्यांनी गुरूंचे नाव दिले व तिला ‘माधवदास निर्वात’ म्हटले.

या नामकरणाकडे वाचकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधू इच्छितो. शिष्याने गुरूंच्या विद्येतील एक गूढ उलगडले, ते साध्या हवेच्या दाबावर आणून ठेविले, आणि त्या उलगड्यासच गुरूंचे नाव दिले. गूढ उलगडल्याने गुरूंचा अपमान झाला असे त्याला वाटले नाही. गुरुभक्तीचा असा नमुना आमच्या पाहण्यात दुसरा नाही. आमच्याकडे भक्ती म्हणजे प्रश्न न विचारणे, अशी समजूत रूढ आहे. येथे प्रश्नाचे उत्तर गुरूंच्या चरणी वाहिले गेले.

दुसरे प्रकरण प्राणायामाचे. येथे एका मराठी शब्दाने केलेला घोटाळा सांगितला पाहिजे. ज्याला इंग्रजीत ऑक्सिजन म्हणतात त्यास आमच्या शास्त्रीय ग्रंथकारांनी ‘प्राणवायू’ हे नाव दिले. नाव मोठे सुंदर आहे; परंतु त्यामुळे प्राणायाम म्हणजे प्राणवायू भरून घेण्याची युक्ती, हे समीकरण मराठी वाचकाच्या मनात आपोआप जुळते. शाळेतील व्यायामशिक्षकापासून घरातील आजोबांपर्यंत सर्वजण सांगतात की, पहाटे खिडकीत बसून दीर्घ श्वास घ्यावा म्हणजे रक्तास प्राणवायू भरपूर मिळतो. पतंजलींच्या प्राणाचा आणि रसायनशाळेतील या वायूचा संबंध केवळ भाषांतरकाराने जुळविलेला आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कुवलयानंदांनी हे समीकरणही तपासले. प्राणायामाच्या वेळी आत घेतलेली व बाहेर टाकलेली हवा यांचे पृथक्करण करून किती प्राणवायू शोषला गेला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, याचा हिशेब त्यांनी मांडला. निष्कर्ष लोकसमजुतीच्या विरुद्ध निघाला. प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. विचार केला असता हे सहज पटण्यासारखेही आहे. निरोगी मनुष्याचे रक्त नेहमीच्या श्वासानेच प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. भरल्या घागरीत आणखी पाणी किती मावणार? शिवाय एका मिनिटात पंधरा लहान श्वास घेणारा मनुष्य दीर्घ कुंभक करू लागला म्हणजे त्याचे श्वास एकदोनांवर येतात. एकेक श्वास मोठा असला तरी एकूण हवा काही वाढत नाही. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते तीही प्राणवायू संपल्यामुळे होत नाही, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते. हाल्डेन व प्रीस्टली यांनी १९०५ मध्येच श्वसनाची सूत्रे या दुसऱ्या वायूच्या हाती आहेत असे दाखवून दिले होते. कुवलयानंदांच्या मते प्राणायामाचा उपयोग छातीपोटातील दाबांच्या फेरफारांत आणि मज्जासंस्थेस लागणाऱ्या वळणात शोधावयास हवा. हे मत सर्वस्वी बरोबर की नाही, हा प्रश्न वेगळा. आपल्या पक्षाचा सर्वांत लोकप्रिय पुरावा आपल्याच हाताने खोडून टाकणारा पक्षाभिमानी क्वचितच आढळतो, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

लोणावळ्याची कीर्ती ऐकून बाहेरचे संशोधकही येऊ लागले. त्यांत केरळातील कोवूर बेहनन हे मानसशास्त्राचे अभ्यासक विशेष उल्लेखनीय होत. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर ते १९३१ च्या सुमारास आले, कुवलयानंदांपाशी राहून स्वतः योग शिकले आणि परत जाऊन स्वतःवरच प्रयोग केले. त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणायाम चालू असता प्राणवायूचा खप वाढतो असे त्यांना आढळले : उज्जायीत शेकडा २४.५, भस्त्रिकेत १८.५, कपालभातीत १२. ही मापे आणि कुवलयानंदांचा निष्कर्ष एकमेकांशी सरळ जुळत नाहीत, आणि ते स्वाभाविकही आहे. श्वास किती वेगाने व किती जोराने घेतला यावर पुष्कळ अवलंबून असते. त्याहून लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. प्राणायाम संपताच बेहननांनी बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे असल्या मानसिक कसोट्या स्वतःस लाविल्या, तेव्हा त्यांची बुद्धी तल्लख होण्याऐवजी काही काळ मंदावलेली आढळली. ध्यानाने परीक्षेत गुण वाढतात, असे हल्ली जागोजागी सांगण्यात येते. त्यांनी बेहननांचे कोष्टक एकदा वाचावे. आणि तरीही योगाने आपल्या भावनांना स्थैर्य आले, असे याच बेहननांनी लिहिले आहे. एका माणसावरील प्रयोग, तोही त्याने स्वतःच केलेला. त्यावर इमारत उभारणे युक्त नव्हे. परंतु गैरसोयीचा आकडा लपविला नाही, हा लोणावळ्याच्या पाण्याचा गुण म्हणावयास हरकत नाही.

आता पुंजयांत्रिकीकडे वळू. कारण वक्त्यांचा सारा डोलारा तिच्यावरच उभा होता. कालगणनेचा एक योगायोग मनोरंजक आहे. कैवल्यधामची स्थापना १९२४ ची. १९२५ च्या उन्हाळ्यात उत्तर समुद्रातील हेल्गोलांड बेटावर पराग-ज्वराने बेजार झालेल्या तेवीस वर्षांच्या हायझेनबर्गने नव्या यांत्रिकीचा पाया घातला. १९२६ मध्ये श्रोडिंगरने आपले तरंगसमीकरण प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये अनिश्चिततेचे तत्त्व आले. लोणावळ्यास आतड्याचा दाब मोजला जात असता युरोपात ‘मोजणे म्हणजे काय’ हाच वादाचा विषय होऊन बसला होता.

तो वाद थोडक्यात असा. नव्या यांत्रिकीत कणाची स्थिती अनेक शक्यतांच्या मिश्रणाने सांगावी लागते. मापन केले की मात्र त्यांपैकी एकच शक्यता हाती येते. हा पालट कोठे होतो? यंत्रात? यंत्रही अणूंचेच बनलेले, म्हणून तेही त्याच समीकरणाखाली येते. मग डोळ्यात? मज्जातंतूत? मेंदूत? फोन नॉयमन या गणितज्ञाने १९३२ मध्ये दाखविले की, पाहणारा आणि पाहिले जाणारे यांमधली रेषा या साखळीत कोठेही ओढली तरी गणिताचे उत्तर तेच येते. १९३९ मध्ये लंडन व बाउअर यांनी, आणि १९६१ मध्ये विग्नर यांनी, ही रेषा पाहणाराच्या जाणिवेपाशी ओढून पाहिली. आमच्या वक्त्यांनी सांगितले ते या ठिकाणापर्यंतच. पुढचे त्यांनी सांगितले नाही. ते असे की खुद्द विग्नर यांनी उत्तरायुष्यात हे मत सोडले. भोवतालच्या हवेशी व प्रकाशाशी होणाऱ्या असंख्य टकरांमुळेच मोठ्या वस्तूंतील शक्यतांचे मिश्रण पाहता पाहता विरून जाते, कोणी पाहो वा न पाहो, हा विचार पुढे बळावला. मेंदूसारख्या उबदार व ओल्या पदार्थात असे मिश्रण सेकंदाच्या दशलक्षांशाच्या दशलक्षांशाहूनही कमी काळ टिकेल, असा हिशेब टेगमार्क यांनी २००० साली मांडला. पेनरोझ व हॅमेरॉफ यांच्यासारखे विद्वान यास मान तुकवीत नाहीत. मेंदूच्या पेशींतील सूक्ष्म नलिकांत पुंजक्रिया चालते व तीच जाणिवेचे मूळ होय, असा त्यांचा पक्ष आहे. वाद विद्वानांचा आहे व तो मिटलेला नाही. परंतु ‘सिद्ध झाले’ हा शब्द येथे कोणासही वापरता येणार नाही, आणि रोगनिवारणाचा तर येथे गंधही नाही.

श्रोडिंगरचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, व ते रास्तही आहे. वेदान्ताची त्याला खरी ओढ होती. १९२५ च्या शरदात, म्हणजे तरंगसमीकरणाच्या थोडेसे आधीच, त्याने वेदान्ताच्या छायेत एक तत्त्वचिंतनपर निबंध लिहिला. १९४४ च्या ‘जीवन म्हणजे काय’ या ग्रंथाच्या उपसंहारात आत्मा व ब्रह्म यांच्या ऐक्याचा त्याने उघड पुरस्कार केला. मात्र वेदान्त आपल्या समीकरणातून निघतो, असे त्याने कोठेही म्हटले नाही. उलट १९५८ च्या ‘मन आणि जडद्रव्य’ या ग्रंथात तो याच्या नेमके विरुद्ध बोलतो. नव्या भौतिकीने द्रष्टा व दृश्य यांमधील भिंत पाडली, असे त्याचे सहकारी म्हणत. ते त्याला मान्य नव्हते. भिंत मुळी नव्हतीच, तर ती भौतिकीच्या प्रयोगाने पडणार कशी, असा त्याचा रोख आहे. ज्याला अद्वैत मनापासून पटले होते त्यानेच अद्वैतास भौतिकीची साक्ष नाकारावी, ही गोष्ट आमच्या मते फार अर्थपूर्ण आहे.

आणि येथेच लोणावळ्याच्या आश्रमाच्या नावाकडे परत यावेसे वाटते. ‘कैवल्य’ हा सांख्य-योगाचा शब्द. आम्ही एरवी मन आणि जड अशी वाटणी करतो व मन आत्म्याच्या पदरात टाकतो. सांख्यांची वाटणी तशी नाही. त्यांच्या मते मन, बुद्धी, अहंकार ही सारी प्रकृतीचीच कार्ये. हाडामांसाहून सूक्ष्म, पण पंक्ती तीच. पलीकडे उरतो तो केवळ पाहणारा पुरुष, जो काहीच करीत नाही. कैवल्य म्हणजे या दोहोंचा पूर्ण विवेक. ही वाटणी मान्य केली की योग्याने प्रयोगशाळा काढण्यात काहीच विसंगती राहत नाही : शरीर, श्वास, नाडी, फार काय चित्ताच्या वृत्तीसुद्धा प्रकृतीच्या राज्यातल्या, तेव्हा त्या खुशाल मोजाव्या. आणि जो मोजणारा तो कोणत्याच दाबमापकाच्या नळीत सापडावयाचा नाही, कारण नळी वाचणारा तोच. फोन नॉयमनची रेषा आणि सांख्यांची रेषा यांत साम्य दिसते खरे. परंतु पहिली हिशेबाच्या सोयीसाठी कोठेही सरकविता येते. दुसरी सरकविता येत नाही, किंबहुना ती न सरकविणे हीच साधना. दोहोंस एक म्हणणे म्हणजे नकाशावरील रेषा आणि शेताचा बांध एक समजण्यासारखे आहे. ‘योगमीमांसे’त शास्त्रीय विभाग आणि लोकांसाठीचा विभाग निरनिराळे ठेवीत असत, ही बारीक गोष्टही आम्हांस या दृष्टीने अर्थाची वाटते.

यंत्राचे ‘नाही’ ऐकण्याची पाळी पुढेही आली. फ्रान्सच्या हृद्रोगतज्ज्ञ डॉ. तेरेज ब्रॉस १९३५ मध्ये हिंदुस्थानात हृदयाची विद्युत्‌रेखा काढणारे यंत्र घेऊन आल्या. योगी आपले हृदय इच्छेने थांबवितो, या समजुतीस त्यांच्या आलेखांनी आधार मिळाल्यासारखे झाले आणि ती गोष्ट पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली. १९५७ मध्ये अमेरिकेचे वेंगर व बागची हे संशोधक आले. त्यांच्या प्रयोगस्थानांत लोणावळाही होते. दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्यासह त्यांनी हृदय थांबविण्याचा दावा असणारांची तपासणी केली, आणि तीत ब्रॉसबाईंनी पूर्वी तपासलेले एक योगीही होते. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : छातीतील दाब वाढविल्याने हृदयाकडे परतणारे रक्त अडते, त्यामुळे मनगटाची नाडी व छातीतील ठोका हाताला आणि कानाला लागेनासा होतो, विद्युत्‌रेखा मात्र चालूच राहते. हृदय थांबलेले नव्हते. तीस वर्षांपूर्वी नौलीत जे दिसले होते त्याचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावी : स्नायू, दाब, आणि दाबाचे परिणाम.

पण याच सुमारास दुसरेही एक उत्तर आले आणि ते इतके सहज उलगडणारे नव्हते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये समाधीत बसलेल्या योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌तरंगांची नोंद प्रसिद्ध केली. जागेपणी डोळे मिटून स्वस्थ बसले म्हणजे मेंदूत अल्फा नावाचे तरंग उमटतात; दिवा लुकलुकला किंवा कानाशी आवाज झाला की ते मोडतात. समाधीत बसलेल्या योग्यांपुढे दिवा धरला, आवाज केला, अंगास तापलेली काचनळी लाविली. तरंग मोडले नाहीत. दोघा योग्यांनी ४ अंशांच्या थंड पाण्यात पाऊण तास व त्याहून अधिक वेळ हात बुडवून ठेविला; तरीही तरंग तसेच. माणसे थोडी होती, हे खरे. परंतु येथे दाबाचे स्पष्टीकरण लागू पडत नाही. इंद्रियांची दारे उघडी असून आत वर्दी का पोहोचत नाही, असा प्रामाणिक प्रश्न येथे उभा राहतो, आणि तो उभा करण्यास पुंजयांत्रिकीची गरज पडत नाही. भाज्याच्या कोठडीत बसणाराने जे लिहून ठेविले नाही, त्याच्या उंबरठ्यापर्यंत मेंदूचा आलेख गेला. उंबरठ्याच्या आत तो गेला असे आनंद प्रभृतींनी म्हटले नाही.

स्वामी कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले. तोपर्यंत मुंबईस चौपाटीवर त्यांचे आरोग्यकेंद्र, लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय व रुग्णालय, अशी संस्थेची वाढ झाली होती. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, तेथील करंबेळकर, विनेकर व भोळे यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जमिनीत पुरून घेऊन समाधी लावणाऱ्या योग्यांच्या गोष्टी आमच्या खेडोपाडी कोणी ऐकल्या नाहीत? यांनी हवाबंद खड्डा तयार केला, त्यात माणसे बसविली, आणि आतील हवेत प्राणवायू किती उरला व कार्बन डायऑक्साइड किती साचला, हे मोजले.